गायकवाडीचा नकाशा आणि आमची पाच दिवसांची सफर

जुन्या बडोदे संस्थानाचा नकाशा कधी नीट पाहिला आहे का? पाहिला नसेल तर जरूर पाहावा. सलग असे ते राज्य नव्हतेच. दक्षिणेला नवसारी प्रांत, मध्ये बडोदे, उत्तरेला कडी म्हणजे पुढचा मेहसाणा, सौराष्ट्रात अमरेली, आणि पार पश्चिमेच्या टोकाला द्वारकेसह ओखामंडळ. सगळे मिळून सुमारे आठ हजार चौरस मैल, पण विखुरलेले. रांगोळी काढताना हात हलावा आणि रंगाचे ठिपके इकडेतिकडे सांडावेत, तसा तो नकाशा दिसतो. मधल्या जागेत कुठे इंग्रजी मुलूख, कुठे दुसऱ्या संस्थानिकांचा. अमरेलीच्या सुभ्याला बडोद्यास यायचे तर वाटेत किती हद्दी ओलांडाव्या लागत असतील, याचा हिशेब करू लागलो की डोके चक्रावते.

१ मे १९४९ रोजी हे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. बरोबर अकरा वर्षांनी, १ मे १९६० रोजी गुजरात राज्य झाले. आमच्या पिढीने संस्थान पाहिलेले नाही. आजीआजोबांच्या तोंडून 'सरकार' म्हणजे सयाजीराव महाराज एवढेच ऐकलेले. दिवाणखान्यात महाराजांची तसबीर आणि बोलण्यात 'आमची गायकवाडी', एवढ्यावर आमचा इतिहास संपतो. म्हणून गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही ठरवले की हा नकाशा गाडीने पाहायचा. सगळा नाही, कारण अमरेली आणि ओखामंडळाला रजा पुरणार नव्हती. पण पाच दिवसांत दक्षिण, मध्य आणि उत्तर एवढे तरी. गाडीत आम्ही पाच जण: आई, आमच्या सौ., नववीतली मुलगी, सहावीतला मुलगा आणि चालक म्हणून आम्ही. बरोबर दशम्या, शेंगदाण्याची चटणी, आणि बडोद्याचा लीलो चिवडा. अट एकच, की प्रत्येक ठिकाणी एक तरी अशी वस्तू शोधायची जी पाठ्यपुस्तकात नाही.

घराजवळून सुरुवात

लांब जायच्या आधी जवळचे पाहावे, म्हणून पहिला मुक्काम सयाजीबागेतले वस्तुसंग्रहालय. १८९४ साली सुरू झालेले हे संग्रहालय बडोदेकरांना 'अजायबघर' म्हणूनच ठाऊक. लहानपणी शाळेच्या सहलीत पाहिलेले असते आणि नंतर फक्त पाहुण्यांना दाखवायचे असते. पण एकदा मुलांच्या डोळ्यांनी पाहावे. एका दालनात निळ्या देवमाशाचा सबंध सांगाडा आहे. १९४४ साली महीच्या मुखाशी तो मासा किनाऱ्याला लागला होता. दुसरीकडे इजिप्तची ममी. आणि वर चित्रदालनात युरोपातली चित्रे. मुलाने विचारले, "बाबा, बडोद्याच्या राजाला इजिप्तची ममी कशाला हवी होती?"

प्रश्न योग्य होता. सयाजीराव जन्माने कवळाण्याचे. नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावजवळच्या त्या खेड्यात शेतकऱ्याच्या घरात ते वाढले, आणि १८७५ साली बाराव्या वर्षी दत्तक येऊन गादीवर बसले. अक्षरओळखही त्यानंतरची. ज्याला स्वतःला उशिरा शिकायला मिळाले, त्याला आपल्या रयतेने जग पाहावे असे वाटले. रयतेला जग पाहायला नेणे शक्य नाही, तेव्हा जगच उचलून बागेत आणून ठेवले. ही आमची समजूत. पण त्यांच्या बाकीच्या कामांशी ती जुळते. १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग, १९०६ साली तो सबंध राज्यात. १९१० साली अमेरिकेहून बॉर्डन नावाच्या तज्ज्ञाला बोलावून ग्रंथालयांची चळवळ. गावोगाव पुस्तकांच्या लाकडी पेट्या फिरत असत. मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयातल्या लोखंडी घोड्या आणि काचेच्या फरशा आजही पाहता येतात. खालच्या मजल्यावर उजेड पोचावा म्हणून फरशी काचेची. आम्ही स्वतः बांधकामातले डिप्लोमावाले, म्हणून या फरशीपुढे जरा जास्त वेळ उभे राहतो.

त्याच बागेशी आणखी एक गोष्ट जोडलेली आहे, आणि ती मुलांना सांगितल्याशिवाय पुढे जायचे नाही असे आम्ही ठरवले होते. १९१३ साली बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर अमेरिकेला कोलंबिया विद्यापीठात गेले. परत आल्यावर करारानुसार १९१७ साली संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. पण या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. जातीमुळे मिळाली नाही. ज्या ठिकाणी उतरले होते तिथून लोकांनी त्यांना हुसकून लावले. कचेरीतही त्यांच्या हाती कागद देताना अंतर ठेवले जाई. २३ सप्टेंबर १९१७ रोजी त्यांनी या बागेत, तेव्हाच्या कमाटीबागेत, झाडाखाली बसून जो निश्चय केला, त्यावरून ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते.

आईने विचारले, "मग महाराजांनी काही केलं नाही?" महाराजांनी शिष्यवृत्ती दिली, त्याआधीच अस्पृश्यांसाठी शाळा काढल्या होत्या. पण राजाने शाळा काढली म्हणून शेजारी घर देतोच असे नाही. त्या वेळच्या कचेऱ्यांत आणि वाड्यांत आपली मराठी माणसेही होती. 'आमची गायकवाडी' म्हणायचे तर हेही आमचेच, असे आम्ही मुलांना सांगितले. मुलगी बराच वेळ काही बोलली नाही.

डभोई : दोन मराठी फौजा आणि बैलांची आगगाडी

दुपारी डभोई. बडोद्याहून जेमतेम तीस किलोमीटर. हिराभागोळ हा तिथला कोरीव दरवाजा तेराव्या शतकातला, वाघेला राजांच्या काळचा. पण आम्हाला त्याच्या आसपासचे रान पाहायचे होते. १ एप्रिल १७३१ रोजी डभोईजवळ भिलापूरला लढाई झाली. एका बाजूला पहिला बाजीराव, दुसऱ्या बाजूला सेनापती त्रिंबकराव दाभाडे आणि त्यांचे सरदार पिलाजीराव गायकवाड. म्हणजे दोन्हीकडे मराठेच. गुजरातच्या वसुलीवर हक्क कोणाचा, हा वाद. त्रिंबकराव ठार झाले, पिलाजीराव जखमी झाले, त्यांचा एक मुलगा मारला गेला. आमच्या मुलाला शाळेत मराठे विरुद्ध मोगल एवढेच शिकवले जाते. "म्हणजे आपले आपल्याशीच?" असे त्याने विचारले, तेव्हा 'हो' एवढेच उत्तर होते. दाभाड्यांचे बळ गेले आणि पुढे गुजरातेत गायकवाड वर आले, हा त्या लढाईचा परिणाम. म्हणजे आमची गायकवाडी जिथे खरी रुजली, तिथे मराठ्यांचे रक्त मराठ्यांनीच सांडले आहे.

डभोईची दुसरी ओळख आगगाडीची. १८६२ साली खंडेराव महाराजांच्या वेळी डभोई ते मियागाम अशी अडीच फूट रुंदीची अरुंद रेल्वे सुरू झाली. हिंदुस्थानातली ती पहिली नॅरोगेज. गंमत अशी की सुरुवातीला गाडी ओढायला बैल होते. इंजिन आणले तर रूळ त्याच्या वजनाला कच्चे ठरले. पुढे १८७३च्या सुमारास भक्कम रूळ टाकून इंजिन नीट धावू लागले. कापूस आणि धान्य बंदरांकडे आणि मुख्य लाइनीकडे नेणे हा तिचा उद्योग. एके काळी डभोई हे नॅरोगेजचे मोठे जंक्शन होते. आता त्यातला एक फाटा ब्रॉडगेज होऊन केवडियापर्यंत गेला आहे. जानेवारी २०२१मध्ये तिथवर गाड्या सुरू झाल्या. बडोद्यात प्रतापनगरला रेल्वेने वारसा उद्यान केले आहे. तिथे ही छोटी इंजिने आणि जुनी सामग्री बघायला मिळते. मुलाला देवमाशापेक्षा हे जास्त आवडले. बैलांनी ओढलेल्या आगगाडीचे चित्र त्याने रात्री वहीत काढले. बैलांच्या गळ्यात घुंगूरमाळा आहेत आणि गार्डच्या हातात हिरवा झेंडा.

सोनगड, नवसारी, दांडी

दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे निघून सोनगड. सुरत–धुळे रस्त्यावर तापी जिल्ह्यातले हे गाव. वर डोंगरावर किल्ला. १७१९च्या सुमारास पिलाजीरावांनी हा डोंगर घेतला आणि गायकवाडांची पहिली गादी इथेच मांडली. बडोद्याच्या राजवाड्यापाशी वाढलेल्या मुलांना ही पहिली राजधानी पाहून जरा निराशाच झाली. महाल नाहीत. तटबंदी, पडके बुरूज, आणि खाली पसरलेला उकाई धरणाचा जलाशय. पण वर उभे राहिले की डोंगर का निवडला ते कळते. खानदेशातून सुरतेकडे उतरणारी वाट इथून हाताच्या अंतरावर. सुरत म्हणजे त्या काळचे सर्वांत श्रीमंत बंदर. डोंगर, जंगल आणि बाजाराची वाट, एवढ्या भांडवलावर घराण्याची सुरुवात झाली.

हा भाग भिल्ल, गामीत, चौधरी लोकांचा. गायकवाडांच्या आधीपासून इथे नांदणारे हेच. किल्ल्याखाली चहा घेताना टपरीवाल्या काकांनी गुजरातीत विचारले, "महाराष्ट्रथी आव्या?" मुलगी म्हणाली, "ना, वडोदराथी." काका हसले. "पण बोलो छो तो मराठी." मुलगी गाडीत बसल्यावर म्हणाली, "शाळेतही हेच. 'तुझं नेटिव्ह कुठलं' विचारतात आणि बडोदं म्हटलं की पटत नाही. आपण नक्की कुठले?"

बडोदे पिलाजीरावांच्या हयातीतच मराठ्यांच्या हाती आले होते. मधे गेले, आणि १७३४ साली त्यांचे भाऊ महादजी गायकवाड यांनी परत घेतले. तेव्हापासून विलीनीकरणापर्यंत ते गायकवाडांकडेच राहिले. म्हणजे बडोद्यातली मराठी वस्ती पावणेतीनशे वर्षांहून जुनी. एवढे आकडे आम्ही सांगितले. मुलीचे समाधान झाले नाही. आकड्यांनी होत नसते.

मुक्काम नवसारीला. हा गायकवाडांचा दक्षिण प्रांत, पण गावाची खरी ओळख पारशी समाजाची. ३ मार्च १८३९ रोजी जमशेटजी टाटा इथे जन्मले, म्हणजे जन्माने ते गायकवाडांचे प्रजाजन. त्यांचे जन्मघर जपून ठेवले आहे. साधे घर. कुठे पोलाद, कुठे जलविद्युत आणि कुठे हे छोटेसे घर, असे वाटून आई तिथल्या ओट्यावर थोडी टेकली. जवळच मेहेरजी राणा ग्रंथालय. १८७२ साली स्थापन झालेले, झरतुष्ट्री धर्माच्या जुन्या हस्तलिखितांसाठी प्रसिद्ध. इराणातून येऊन हजार वर्षांहून जास्त काळ गुजरातेत राहिलेला हा समाज. गुजरातीच बोलतो, पण आपली पोथी त्याने टाकली नाही.

एक जोडणी इथे सांगायला हवी. दादाभाई नौरोजी १८७४ साली बडोद्याचे दिवाण होते. मल्हाररावांच्या कारभारात त्यांचे फार काळ जमले नाही. १८७५च्या आरंभी त्यांनी राजीनामा दिला आणि त्याच वर्षी मल्हारराव पदच्युत झाले. त्यानंतरच कवळाण्याचा गोपाळ हा सयाजीराव झाला.

नवसारीहून दांडी जवळ आहे. तिथले मीठ सत्याग्रहाचे स्मारक ३० जानेवारी २०१९ रोजी खुले झाले. गांधीजींसह दांडीयात्रेत चाललेल्या सगळ्यांचे माणसाच्या उंचीचे पुतळे रांगेने उभे आहेत. आणि इथे खारे पाणी आटवून चिमूटभर मीठ होते कसे, ते पाहता येते. संग्रहालयात हात लावायला मिळतो हे मुलांना नवल. आम्हाला नवल वाटले ते नावांचे. त्या चालणाऱ्यांत साबरमती आश्रमाचे गायक पंडित नारायण मोरेश्वर खरे होते, काकासाहेब कालेलकरांची मुले होती. काकासाहेब स्वतः काही काळ बडोद्याच्या गंगनाथ विद्यालयात शिकवत. म्हणजे गुजरातेतल्या मराठी माणसाने इथे फक्त राज्य केले असे नाही. तो इथल्या लोकांबरोबर पायी चाललाही आहे. चिमूटभर मीठ सौ.नी रुमालाच्या गाठीत बांधून घेतले.

सावली, हवेली आणि भांडी

चौथ्या दिवशी उत्तरेकडे. वाटेत सावली. १७३२ साली डाकोरला बोलणीच्या निमित्ताने पिलाजीरावांचा दग्याने खून झाला. मारवाडचे राजे अभयसिंह तेव्हा मोगलांचे गुजरातचे सुभेदार, त्यांच्या माणसांनी तो केला. सहकाऱ्यांनी देह सावलीला आणला आणि तिथे अग्निसंस्कार झाले. बडोद्यापासून ३० किलोमीटरवरचे हे गाव. गायकवाडीचा मूळ पुरुष तिथे विसावला आहे, हे बडोद्यातल्या किती मराठी घरांना ठाऊक असेल कोण जाणे. आईने हात जोडले, मुलांनी तिचे पाहून जोडले.

अहमदाबादला जुन्या शहराच्या नैर्ऋत्येला गायकवाडांची हवेली आहे. १७५३ साली रघुनाथराव आणि दमाजीराव गायकवाड यांनी मिळून अहमदाबाद घेतले आणि शहर दोन भागांत वाटले गेले. अर्धे पेशव्यांचे, अर्धे गायकवाडांचे. एका शहरावर दोन कारभारी, दोन वसुल्या. इंग्रज येईपर्यंत असे चालले. आज त्या हवेलीत पोलिसांची कचेरी आहे, त्यामुळे बाहेरूनच पाहिली.

इथे एक कडू गोष्ट सांगणे भाग आहे. मराठ्यांच्या त्या काळाची आठवण गुजरातेत सगळीकडे गोड नाही. दरवर्षी फौज घेऊन काठेवाडात वसुलीला जायचे, त्याला मुलूखगिरी म्हणत. पिके उभी असताना फौज आली की गावे काय करणार? १८०७ साली कर्नल वॉकरने संस्थानिकांशी ठराव करून खंडणीचे आकडे बांधून दिले, तेव्हा हा वार्षिक त्रास थांबला. सयाजीरावांच्या शाळा आणि दमाजीरावांची मुलूखगिरी, दोन्ही एकाच घराण्याच्या खात्यावर आहेत. मुलांना जमेची बाजू तेवढी शिकवली तर दुसऱ्या कुणाच्या तोंडून नावेची बाजू ऐकल्यावर ती गांगरतील.

संध्याकाळी विशालाच्या आवारातले 'वेचार' हे भांड्यांचे संग्रहालय. १९८१ साली सुरेंद्र पटेल यांनी उभे केलेले. पितळ, तांबे, कांसे, लोखंड, लाकूड आणि माती, अशी काही हजार भांडी. पुरुषभर उंचीचे रांजण, तुपाच्या बुधल्या, पाण्याचे हंडे, अडकित्ते, कुलपे. राजाची एकही वस्तू नाही, सगळी स्वयंपाकघरातली. खरे सांगायचे तर पाच दिवसांत सगळ्यांत जास्त वेळ आम्ही इथेच होतो, आणि तो आईमुळे. ती एकेका भांड्यापुढे थांबे आणि नाव सांगे. हे घंगाळ, ही पंचपात्री, हा बंब, ही कासंडी, याला आम्ही गडू म्हणायचो. मुलगी तिच्या मागून मोबाइलवर टिपून घेत होती. शेजारून जाणाऱ्या एका गुजराती आजींनी त्याच भांड्यांची गुजराती नावे सांगायला सुरुवात केली. दोन्ही आजी तासभर तिथेच. काही नावे सारखी निघाली, काही पार वेगळी. निघताना आई म्हणाली, "आमच्या शेजारच्या वाड्यात याहून मोठं घंगाळ होतं. वाडा बिल्डरला गेला तेव्हा किलोच्या भावानं गेलं."

पाटण : जालन्याहून आलेले

शेवटचा दिवस पाटणचा. दमाजीरावांनी साठच्या दशकात, म्हणजे १७६० नंतर, सोनगडहून गादी पाटणला हलवली आणि १७६८ साली ते तिथेच वारले. त्यानंतर बडोदे राजधानी झाले. सोळंक्यांची जुनी राजधानी आपली करावी, असे एका मराठी सरदाराला वाटावे यातच पाटणचा मान आहे.

राणीची वाव तर आता शंभराच्या नोटेवर आहे. अकराव्या शतकात राणी उदयमतीने पती भीमदेव सोळंकीच्या स्मरणार्थ बांधलेली ही विहीर सरस्वतीच्या पुराच्या गाळात शतकानुशतके बुजलेली होती. गायकवाडांची गादी पाटणला होती तेव्हाही ती मातीखालीच होती. पुरातत्त्व खात्याने गाळ उपसून ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोकळी केली. २०१४ साली जागतिक वारशाच्या यादीत तिचा समावेश झाला. ६४ मीटर लांब, २० मीटर रुंद, २७ मीटर खोल. भूजलापर्यंत उतरत जाणाऱ्या पायऱ्या, दोन्ही बाजूंचा मातीचा दाब पेलणाऱ्या भिंती आणि मजल्यामजल्यांचे खांब पाहिले की आमच्या धंद्यातल्या माणसाला हात जोडावेसे वाटतात. सरस्वतीच्या गाळानेच मूर्ती बुडवल्या आणि त्या गाळानेच त्या राखल्या.

पण आम्हाला सांगायचे आहे ते पटोळ्याच्या संग्रहालयाचे. पाटणचे पटोळे म्हणजे दुहेरी इकत. ताणा आणि बाणा, दोन्ही धागे विणण्याआधीच नक्षीप्रमाणे बांधून बांधून रंगवायचे आणि मग मागावर असे जुळवायचे की रंगावर रंग आणि रेघेवर रेघ बसली पाहिजे. एक साडी व्हायला चार माणसांना सहा महिने ते वर्षभर लागते. दोन्ही बाजू सारख्या, उलटी-सुलटी नाही. फाटेल पण रंग विटणार नाही, असे गुजरातीत तिच्याबद्दल म्हणतात. साळवी घराण्याने हे संग्रहालय उभे केले आहे. जुनी पटोळी, जगभरची इकते आणि चालू माग, सगळे डोळ्यांसमोर.

माग दाखवणाऱ्यांनी गुजरातीत माहिती सांगताना सहज एक वाक्य टाकले. त्यांच्या परंपरेप्रमाणे बाराव्या शतकात सोळंकी राजा कुमारपाल याने सातशे साळवी कुटुंबे पाटणला आणून वसवली, आणि ती आणली जालन्याहून. आमचे जालना! मराठवाड्यातले! आम्ही सगळे एकमेकांकडे पाहू लागलो. आईने विचारले, "मराठी येतं का तुम्हाला?" ते हसून म्हणाले, "ना बा, आठसो वरस थया."

आठशे वर्षे. भाषा गेली. जालन्याचे घर, नातीगोती, देवाची नावे कुठली कुठे गेली. राहिली ती विद्या, ती कुठून आली त्याची आठवण, आणि आडनाव. सातशे घरांतून आज पटोळे विणणारी घरे बोटांवर मोजण्याइतकी. पण जी आहेत ती आहेत.

परतीच्या वाटेवर, मेहसाण्याच्या आसपास, मुलगीच म्हणाली, "आपण इथलेच. पण आपल्याला माहीत पाहिजे की आपण काय घेऊन आलो." आम्ही यात भर घातली नाही.

मंडळापुढे ठेवायची गोष्ट

घरी आल्यावर पाच दिवसांचा हिशेब मांडला. सयाजीरावांनी मराठी राजा असून राज्यकारभारात गुजराती वाढवली. पण १९३१ साली 'श्री सयाजी शासन शब्दकल्पतरु' नावाचा जो कारभारी शब्दांचा कोश काढला, त्यात गुजराती आणि मराठीसह आठ भाषांतले शब्द शेजारी शेजारी मांडले. आम्ही रोज कचेरीत गुजरातीत टिपणे लिहितो आणि घरी मराठीत भांडतो, त्यामुळे त्या कोशाचे मोल आम्हाला कळते. आपली भाषा जपायला दुसऱ्याची टाकावी लागत नाही. बडोद्याच्या रस्त्यावर सगळे गुजराती भाऊ चवीने सेव-उसळ खातात. त्यातली उसळ कुठून आली हे कोणी विचारत नाही, आणि विचारायची गरजही नाही.

पण काही गोष्टी आपणच नाही राखल्या तर कोणी राखणार नाही. राजवाडे आणि ममी सांभाळायला सरकार आहे, ट्रस्ट आहेत. आपल्या वाड्यातले मोडीतले दप्तर, तांब्यापितळेची भांडी, गौरीचे जुने मुखवटे, पंगतीचे पाट, संस्थानच्या नोकरीचे हुकूम, कलाभवनाच्या जुन्या विद्यार्थ्यांची प्रमाणपत्रे, यांना वाली फक्त आपण. कलाभवन १८९० सालचे. दादासाहेब फाळके तिथे शिकले. त्यांच्या वर्गात कोणा बडोदेकराचे पणजोबा बसले असतील तर त्यांचा कागद आज कुठल्या माळ्यावर आहे? आजवा तलावावर जगन्नाथ सदाशिव हाटे यांच्या हाताखाली काम केलेल्या ओव्हरसियरांच्या वह्या कुणाच्या पेटीत आहेत? जुन्या शहरातले वाडे एकेक करून पडताहेत. वाड्याचा सौदा एका दिवसात होतो, माळा रिकामा करायला भंगारवाल्याला अर्धा दिवस पुरतो. आईने सांगितलेले घंगाळ गेले ते असेच.

म्हणून मंडळाच्या पदाधिकाऱ्यांना आमची एक नम्र सूचना. पुढच्या गणेशोत्सवात दहा दिवसांपैकी दोन दिवस मंडपाच्या एका कोपऱ्यात 'आपल्या घरातल्या वस्तू' असे छोटे प्रदर्शन भरवावे. प्रत्येक घराने एक वस्तू आणावी आणि तिच्याशेजारी चार ओळींची चिठ्ठी ठेवावी: ही काय, कोणाची, कधीची, तिचे मराठी नाव काय, गुजराती नाव काय. चिठ्ठी लिहायचे काम मुलांना द्यावे आणि सांगायचे काम आजीआजोबांना. वस्तू त्यांच्या त्यांच्या घरी परत जातील, पण त्यांची यादी आणि छायाचित्रे मंडळाकडे राहतील. ज्यांच्याकडे मोडी कागद आहेत त्यांनी ते आणावेत. मोडी वाचणारे दोन-तीन ज्येष्ठ आपल्या मंडळात अजून आहेत, त्यांच्यासमोर बसून निदान तो कागद कशाचा आहे एवढे तरी लिहून घेऊ. छायाचित्रे काढायची आणि यादी लावायची जबाबदारी आम्ही आमच्याकडे घेतो. आमच्या मुलीने वेचारमध्ये टिपलेली भांड्यांची नावे, मराठी आणि गुजराती मिळून चौसष्ट, तयार आहेत. सुरुवात तिथून करता येईल.

अमरेली आणि द्वारका राहिली आहेत. येत्या दिवाळीत रजा मिळाली तर तिकडे निघू. गाडीत एक जागा रिकामी आहे. कोणाला यायचे असेल तर दशम्या आमच्याकडून.

गणपती बाप्पा मोरया!